संध्याकाळची भाकर : जर्मन ताटाचे एक वाचन

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मन भाषा शिकण्याचा विचार उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावीही घरोघरच्या बोलण्यात येऊ शकेल अशी परिस्थिती निर्माण झाली. भाषेचे वर्ग व्याकरण शिकवतात, परंतु जेवणाच्या मेजाचेही एक व्याकरण असते आणि ते कुणी सहसा शिकवत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावातून गेलेला तरुण एखाद्या जर्मन घरी संध्याकाळी जेवायला बसला, तर त्याच्यासमोर पावाचे काप, लोणी, चीज, थंड मांसाचे पातळ काप आणि काकडीचे लोणचे येण्याचा संभव फार. चूल पेटल्याची कोणतीही खूण नाही. आपल्याकडे पाहुण्याला गरम वाढणे हीच आस्थेची पहिली खूण असल्यामुळे तो मनाशी निष्कर्ष काढतो : ही माणसे कोरडी आहेत. हा निष्कर्ष चुकीचा का आहे, हे समजण्यासाठी त्या ताटाच्या इतिहासाकडे जावे लागते.

प्रारंभ शब्दापासून करू. या जेवणाचे रूढ नाव 'आबेन्टब्रोट', म्हणजे शब्दशः 'संध्याकाळचा पाव'. बाडेन-वुर्टेमबर्गच्या श्वाबियन मुलखात त्यालाच 'फेस्पर' म्हणतात. हा शब्द संध्याकाळ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आणि ख्रिस्ती मठांतील सायंप्रार्थनेच्या नावावरून आला. पावाचे नाव अख्ख्या जेवणाला द्यावे, ही लक्षणा मराठी वाचकाला नवी नाही. मराठवाड्यात 'भाकर खाल्ली का?' या प्रश्नात भाजी, वरण, चटणी सगळे गृहीत असते. जर्मन भाषेत ज्या कलेवर पोट भरत नाही तिला 'पावाविना कला' म्हणतात. आपल्याकडे 'पोटाची भाकर' म्हणताना हाच हिशेब असतो.

हे साम्य केवळ शब्दांचे नाही, जमिनीचेही आहे. उत्तर आणि पूर्व युरोपातील थंड, रेताड जमिनीत गव्हापेक्षा राय हे धान्य अधिक निभावते. रायच्या पिठाला गव्हाच्या कणकेचा चिवटपणा येत नाही. म्हणून ते आंबवून, आंबट करून त्याचा जड, काळसर पाव भाजावा लागतो. ज्वारीच्या पिठालाही चिवटपणा नसतो. म्हणून ती पोळीसारखी लाटत नाहीत, गरम पाण्यात मळून हाताने थापतात. गव्हाने जिथे साथ दिली नाही, तिथे माणसाच्या हाताने वेगळे तंत्र शोधले. जर्मनीने 2014 मध्ये आपल्या पाव-संस्कृतीची नोंद अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केली. तेथील पावांच्या नोंदवहीत तीन हजारांहून अधिक प्रकार आहेत.

मग संध्याकाळचे जेवण थंडच का? याचा खुलासा सामान्यतः कारखान्याच्या इतिहासातून दिला जातो. जर्मन परंपरेत मुख्य गरम जेवण दुपारचे. औद्योगिकीकरणानंतर कामगाराला ते कारखान्याच्या भोजनगृहात मिळू लागले, स्त्रियाही कामावर जाऊ लागल्या, आणि दिवसभर उभे राहून आलेल्या घराला संध्याकाळी पुन्हा चूल पेटवण्याची गरज उरली नाही. तेव्हा त्या थंड ताटामागे अनास्था नसून श्रमाची वाटणी आहे. रात्री दमून आल्यावरही चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या घरच्या बाईची आठवण ठेवून हे ताट पाहावे.

या पावाला भुकेचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, पाव शिधापत्रिकेवर मिळू लागला. 1916-17 चा हिवाळा 'सलगमांचा हिवाळा' म्हणूनच ओळखला जातो, कारण बटाट्याचे पीक बुडाले आणि गुरांना घालायचे कंद माणसांना खावे लागले. नोव्हेंबर 1923 मध्ये चलन इतके कोसळले, की बर्लिनमध्ये एका पावाची किंमत सुमारे 20,000 कोटी मार्क झाली. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी 1928 मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा या घटनेला जेमतेम पाच वर्षे झाली होती. ज्या शहरात त्या राहिल्या, तेथील प्रत्येक प्रौढ माणसाला पावाची किंमत तोंडपाठ असणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, वोल्फगांग बोर्शर्ट याने 'पाव' याच नावाची लहानशी कथा लिहिली. म्हातारा नवरा मध्यरात्री चोरून पावाचा एक काप खातो. बायको त्याला पकडते, पण तो खोटे बोलतो आणि ती ते खोटे चालवून घेते. दुसऱ्या संध्याकाळी ती आपल्या वाट्याचा एक काप त्याच्याकडे सरकवते. तीन कापांच्या जागी त्याला चार मिळतात. कथेतील सारे प्रेम या एका अंकात मावले आहे. कुणाचे घास मोजू नयेत, असे आपण मानतो. म्हणून जर्मन घरात 'किती काप घ्याल?' असे विचारले की तो प्रश्न टोचतो. पण जिथे काप मोजूनच मिळत, तिथे मोजून वाढणे हीही माया असू शकते.

येथे धाराशिव जिल्ह्यातल्याच भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' आठवते. भाव न मिळाल्याने बाजारात स्वतःचे टोमॅटो पायांखाली तुडवणारा बाप आणि एक काप सरकवणारी म्हातारी, ही दोन टोके आहेत : एकीकडे अन्न आहे पण त्याला मोल नाही, दुसरीकडे मोल आहे पण अन्न नाही. वर्गात या दोन कथा शेजारी ठेवून शिकवता येतील.

थंड जेवण आपल्याला परके आहे, हेही पूर्ण खरे नाही. वेळ अमावास्येला उमरगा परिसरातील बायका आदल्या रात्रीपासून रांधतात आणि सकाळी भज्जी, उंडे, आंबील डोक्यावरून शेतात नेतात. शेतात पंगत बसेपर्यंत अन्न निवते, आणि तरी वर्षातले सर्वात आपुलकीचे जेवण तेच असते. आंबिलीचा आंबटपणा ओळखणाऱ्या जिभेला रायचा आंबट पाव किंवा आंबवलेली कोबी कळायला फार दिवस लागू नयेत.

श्वाबियन मुलखातला एक घरगुती पदार्थ तर तूर पिकवणाऱ्या भागातल्या माणसाला ओळखीचाच वाटेल : अंड्याच्या पिठाच्या शेवयांसोबत मसुरीची आमटी. मात्र तिच्यात बहुधा डुकराचे मांस असते. न खाणाऱ्याने आधी विचारावे, त्यात अपमान नाही. तेथील डोंगराळ पठारावरची जुनी मसूर लुप्त झाली होती. तिचे बियाणे 2006 मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या बीजसंग्रहात सापडले आणि पुन्हा पेरले गेले. रविवारी दुकाने बंद असतात, त्याचेही मूळ 1919 च्या वायमार राज्यघटनेतील विश्रांतीच्या कलमात आहे. 1949 च्या राज्यघटनेने ते कायम ठेवले. तेव्हा शनिवारीच पीठ-मीठ भरून ठेवावे.

नवागताने परके ताट आवडून घेतलेच पाहिजे, असा आग्रह येथे नाही. ज्वारीची आठवण येणारच. परंतु संहितेवर मत देण्यापूर्वी ती वाचावी हा नियम आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि तो पावाच्या चार कापांनाही लागू आहे.