बोम्मसंद्रा–सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर व प्रवासकाल

बोम्मसंद्रा ही बंगळूरच्या दक्षिणेला, आनेकल तालुक्यात होसूर रस्त्यावर वसलेली औद्योगिक वसाहत. येथील रहिवाशांचा विमानतळ म्हणजे शहराच्या उत्तर टोकाला देवनहळ्ळीजवळचा केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो मे 2008 मध्ये सुरू झाला, त्याच वेळी शहरातल्या एचएएल विमानतळावरची नियमित प्रवासी वाहतूक थांबली, आणि दक्षिण बंगळूरकरांची वाट लांबली.

केंपेगौडा ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर 13,993 किमी आहे. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून जाणारी सर्वांत आखूड रेषा. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ 160 अंशांचा फरक असल्यामुळे ही रेषा तिबेट, चीन व पूर्व सायबेरिया ओलांडत 71 अंश उत्तरेपर्यंत चढते आणि अलास्कामार्गे खाली उतरते. विमाने मात्र सहसा ती धरत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला सुमारे 10,000 फुटांपर्यंत उतरावे लागते, आणि तिबेटचे पठारच त्याहून उंच आहे. म्हणून वरच्या आकड्यापेक्षा उडालेले अंतर नेहमी जास्त भरते.

एअर इंडियाने या मार्गावर विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हाचे पहिले उड्डाण याचा उत्तम दाखला आहे. 9 जानेवारी 2021 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले हे बोइंग 777 उत्तर ध्रुवावरून आले. कॅप्टन झोया अगरवाल यांच्यासह सर्व वैमानिक स्त्रिया होत्या. सुमारे 16,000 किमी कापून, सतरा तासांनी विमान बंगळूरला पोचले तेव्हा तिथे 11 तारखेची पहाट झाली होती. ध्रुवीय वाटेवर बाहेरची थंडी इतकी तीव्र असते की इंधन गोठणार नाही यावरही लक्ष ठेवावे लागते.

जाताना घड्याळ उलट वागते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा. जानेवारीत दुपारी अडीचला निघून सोळा तास उडालेला प्रवासी त्याच तारखेच्या संध्याकाळी पाचला उतरतो. पॅसिफिकवरून पूर्वेकडे जाताना वरच्या थरातले पश्चिमी वारे पाठीशी असतात, त्यामुळे ही फेरी बहुधा लवकर संपते. फ्रँकफुर्टला विमान बदलल्यास दोन टप्प्यांची बेरीज साडेसोळा हजार किमीच्या घरात जाते आणि थांबा धरून प्रवास एका दिवसाच्या आसपास पोचतो.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या मुलांकडे निघालेल्या मराठी आईवडिलांनी घर ते घर हिशेब करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. बोम्मसंद्र्याहून विमानतळ रस्त्याने सुमारे 60 किमी आहे. वाटेतल्या सिल्क बोर्ड चौकात वाहने तुंबली की एवढ्याला अडीच तासही लागतात. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यापर्यंत आली, त्यामुळे सिल्क बोर्डपर्यंतचा भाग सुटसुटीत झाला. तिथून पुढे विमानतळाकडे नेणारी निळी मार्गिका पूर्ण होईपर्यंत बस किंवा टॅक्सीच धरावी लागते. विमान सुटण्याआधीचे तीन तास आणि पलीकडे इमिग्रेशनची रांग मिळवली, तर विनाथांबा विमान मिळाले तरी बावीस ते चोवीस तास हाताशी ठेवावेत.