आधी डॉक्टर की आधी सरकारी वकील?

परवा शनिवारी रात्री '४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज' हा रोमानियन सिनेमा पाहिला. २००७ साली कानमध्ये 'पाम द'ओर' मिळालेला. काळ १९८७ चा. होस्टेलवर राहणाऱ्या दोन मैत्रिणी, एकीला दिवस गेलेत आणि गर्भपात बेकायदा. सिनेमा संपल्यावर झोप काही येईना. मग अख्खा रविवार त्यामागचा इतिहास वाचण्यात गेला. त्यातलंच थोडं इथे.

तर मंडळी, रोमानियात १९५७ पासून गर्भपात कायदेशीर होता. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये चाउशेस्कूच्या सरकारने 'डिक्री ७७०' काढून तो जवळजवळ बंदच केला. देशाची लोकसंख्या वाढवायची होती ना! पंचेचाळिशी ओलांडलेल्या किंवा चार मुलं असलेल्या बायका, बलात्कार, जिवाला धोका अशा मोजक्याच सवलती. गर्भनिरोधकंही बाजारात मिळेनाशी झाली. वर्षभरात आकडे झकास दिसायला लागले. १९६६ मध्ये सुमारे २ लाख ७४ हजार जन्म, १९६७ मध्ये सुमारे ५ लाख २८ हजार! पण हा फुगा टिकला नाही. लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि जन्मदर परत घसरू लागला. गर्भपात थांबले नव्हते, फक्त दवाखान्यातून बंद खोल्यांमध्ये गेले होते.

आता जरा वैद्यकीय भाग. अर्धवट झालेल्या गर्भपातात काही भाग पिशवीत राहतो. रक्तस्राव थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो, तो रक्तात पसरतो. यावर उपाय काय? पिशवी साफ करणं, अँटिबायोटिक्स, गरज लागली तर रक्त. काही जगावेगळं नाही, साध्या रुग्णालयात होणारं काम. अट एकच, बाई वेळेत पोचली पाहिजे.

आणि नेमकं तिथेच घोडं अडायचं. रुग्णालयांवर पोलिसांची नजर असायची. रक्तस्राव होत असलेली बाई आली की प्रश्न आधी, 'कोणी केलं? कुठे केलं?' बाईला तुरुंगाची भीती, डॉक्टरलाही तीच. त्यामुळे बायका घरातच कळ काढत बसायच्या. येईपर्यंत उशीर झालेला असायचा.

१९८९ साली रोमानियाचा मातामृत्यूदर होता एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७०. सगळ्या युरोपात सर्वाधिक. त्यातले ८५ टक्क्यांहून जास्त मृत्यू गर्भपातामुळे. डिक्रीच्या २३ वर्षांत गर्भपाताने गेलेल्या बायकांचा नोंदलेला आकडाच नऊ हजारांवर जातो. न नोंदलेल्यांचं काय, ते आपणच समजायचं.

२५ डिसेंबर १९८९ ला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारने ही बंदी उठवली. १९९० चा मातामृत्यूदर? सुमारे ८३. एका वर्षात निम्मा!

इथे माझ्यातला इंजिनिअर थबकला. रुग्णालयं तीच, डॉक्टर तेच, औषधांची टंचाई तीच. नवीन मशीन नाही, नवीन शोध नाही. फक्त एक नियम गेला. चोरून होणारे गर्भपात कमी झाले, आणि ज्यांचं बिघडलं त्या बायका न घाबरता दारात येऊ लागल्या.

हाच धडा पुढे जगाने कागदावर घेतला. १९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेत ठरलं की गर्भपाताबद्दल देशाचा कायदा काहीही असो, त्यातून गुंतागुंत झालेल्या बाईला उपचार मिळालेच पाहिजेत. आधी उपचार, बाकीचं नंतर.

आपल्याकडे? १९६४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. त्यातून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ मध्ये काही गटांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या बाबतीत आपण १९८७ च्या रोमानियाच्या कितीतरी पुढे.

पण कायदा पुस्तकात असतो आणि बाई काउंटरवर उभी असते. तिथे अजूनही 'लग्न झालंय का? मिस्टर कुठायत? सही लागेल' हे ऐकू येतं. खरं तर १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा वडिलांची सही कायदा मागत नाही. माझ्या मित्रमंडळींत, चांगल्या शिकलेल्या लोकांत हे विचारून पाहिलं. बहुतेकांना माहीत नव्हतं. रविवारपर्यंत मलाही नव्हतं.

पोलीस दारात नसले तरी लाज दारात उभी असतेच. उशीर दोन्हीमुळे सारखाच होतो. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. मैत्रीण असो, बहीण असो, गोळ्या घेतल्यावर रक्तस्राव थांबत नसेल, ताप आला असेल, तर 'कोणाला कळलं तर?' याचा विचार नंतर. आधी रिक्षा बोलवा आणि दवाखाना गाठा.