हॉल्डेन यांच्या चार पायऱ्या

१९६३ साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये एक छोटे पुस्तक-परीक्षण छापून आले. विषय होता इंग्लंड आणि वेल्समधील १८४१ ते १९६० या काळातील आयुर्मानाची कोष्टके, म्हणजे जन्मलेल्यांपैकी किती जण कोणत्या वयापर्यंत जगले याचा हिशेब. इतक्या रूक्ष पुस्तकाचे परीक्षण एरवी कोणाच्या लक्षात राहिले नसते. पण परीक्षक होते जे. बी. एस. हॉल्डेन, आणि त्यांनी मथळा दिला होता ‘मृत्यूविषयीचे सत्य’. नवा विचार विद्वानांच्या पचनी कसा पडतो, याच्या चार पायऱ्या त्यांनी त्यात जाता जाता सांगून टाकल्या. आधी विद्वान म्हणतात, हा निव्वळ मूर्खपणा आहे. मग म्हणतात, विचार मनोरंजक आहे, पण तिरपागडा. पुढे कबूल करतात, खरे आहे. पण त्यात विशेष ते काय? आणि शेवटी जो तो सांगू लागतो, मी तर हे आधीपासूनच म्हणत होतो.

या चार पायऱ्यांत एक वाक्य कुठेच येत नाही : ‘मी चुकलो होतो.’ विद्वान खालून वर पोहोचतो, मत पार उलटे होते, पण वाटेत चूक कबूल करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. हॉल्डेन यांच्या विनोदाची खरी धार इथे आहे.

हे परीक्षण लिहिले तेव्हा हॉल्डेन भुवनेश्वरला राहत होते. १९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. पुढे भारतीय नागरिकत्व घेतले, भारतीय पोशाखात वावरू लागले, कोलकाता सोडून ओडिशात प्रयोगशाळा उभारू लागले. महागडी उपकरणे नाहीत म्हणून संशोधन अडते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे सहकारी एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. एकाच झाडावर कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात. अशा मोजणीतूनही जीवशास्त्राचा प्रश्न उभा राहतो, यावर हॉल्डेन यांचा भरवसा होता.

पडताळून पाहण्याची ही सवय घरातली. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन श्वसनाचे आणि खाणींतल्या विषारी वायूंचे अभ्यासक. त्यांनी लहानग्या मुलाला एका खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र हवा चांगली होती. ज्वालाग्राही वायू हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. मोठेपणी त्यांनी स्वतःच्या शरीरालाच प्रयोगशाळा केले. रक्ताची आम्लता वाढावी म्हणून रसायने प्यायली, पाणबुडीतल्या माणसांचे काय होते हे कळावे म्हणून दाबाच्या पेटीत शिरले. त्यात कानाचा पडदा फाटतो याचेही त्यांना कौतुकच : भोक बुजले नाही तर थोडे कमी ऐकू येते, पण चार लोकांत कानातून धूर काढून दाखवता येतो.

असा माणूस सत्यापुढे कोणाचीही भीड ठेवणार नाही, असे वाटते. पण एका जागी त्यांनी ती ठेवली.

थोर रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांच्या निमंत्रणावरून हॉल्डेन १९२८ मध्ये रशियाला जाऊन आले होते. त्याच वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे विरोधक त्रोफिम लायसेन्को यांना जनुके ही कल्पनाच मान्य नव्हती. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत त्यांनी पक्षाच्या पाठिंब्याने आनुवंशिकीवर अधिकृत बहिष्कार आणला. अमेरिकन शास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी निषेध म्हणून सोव्हिएत अकादमीचे सदस्यत्व सोडले. हॉल्डेन तेव्हा ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात होते. नैसर्गिक निवडीचे गणित मांडणाऱ्या तिघाचौघांत त्यांचे नाव येते; जनुके नसतील तर त्यांचे आयुष्यभराचे कामच उरत नाही. तरीही त्यांचा सूर सबुरीचा राहिला : घाईने निवाडा नको, लायसेन्को यांच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल. पुढे ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता.

भित्रेपणा म्हणून हे झटकून टाकता येत नाही. विषारी वायूत उभा राहणारा माणूस भित्रा नसतो. पण शरीर पणाला लावताना आपले कोणी दुरावत नाही. ज्या विचारावर आपण आणि आपले सोबती जगलो, त्याला प्रश्न विचारताना सोबतीच सुटण्याची भीती असते. नको असलेले सत्य माणूस चार पायऱ्यांनी स्वीकारतो, हे हॉल्डेन यांनी टिपले. हवेसे असत्य सोडतानाही तो तितक्याच सावकाश पायऱ्या उतरतो, हे त्यांच्या यादीत नाही. त्यांच्या चरित्रात आहे.

१९६४ मध्ये ते कर्करोगाने आजारी होते. त्यावरही त्यांनी विनोदी कविता लिहिली आणि बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेख स्वतःच ध्वनिमुद्रित केला. लायसेन्को यांच्या हाती सत्ता गेल्याने रशियाच्या शेतीचे आणि जीवशास्त्राचे नुकसान झाले, हे त्यांनी त्यात मान्य केले. पण लायसेन्को चांगले जीवशास्त्रज्ञ आहेत, हेही म्हटले. १ डिसेंबरला भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. देह त्यांच्या इच्छेनुसार काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

पुढच्याच वर्षी सोव्हिएत अकादमीच्या समितीने लायसेन्को यांच्या शेतावरच्या गाईंच्या दुधाच्या नोंदी तपासल्या. दावे टिकले नाहीत. एका थोर शास्त्रज्ञाला जे पुरतेपणी म्हणता आले नाही, ते कोणीतरी वह्या उघडून, आकडे जुळवून दाखवले. विज्ञान चालते ते शास्त्रज्ञ इतरांहून अधिक सत्यवादी असतात म्हणून नव्हे. आपली वही दुसऱ्याने तपासावी, अशी त्यात रीत आहे म्हणून. ती रीत रशियात सुमारे १७ वर्षे बंद पाडली गेली, तेव्हा आधी वैज्ञानिकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मग शेतातली पिके.