जागा कोणाची? खो-खो, फुटबॉल आणि रॉकेट लीग

सगळेच चेंडूमागे धावले तर गोल कोण राखणार? सणसरच्या शाळेच्या मैदानावरही हा प्रश्न पडतो. जुन्या फुटबॉलचं उत्तर सोपं होतं: ज्याची त्याची जागा नेमलेली. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला, हल्लेखोर आणि गोलरेषा यांच्यात तीनऐवजी दोन विरोधक पुरेसे ठरले. तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं मधला खेळाडू बचावात ओढला. जागा हलली, पण नेमलेलीच राहिली. १९७४ मध्ये रिनस मिशेल्सच्या हॉलंड संघात बचावपटू पुढे गेला की दुसरा त्याची जागा भरायचा. अंतिम सामना ते पश्चिम जर्मनीकडून २-१ हरले, ती गोष्ट वेगळी.

आता २०१५ मध्ये आलेला रॉकेट लीग बघा. मोटारींनी खेळायचा फुटबॉल, संघात बहुधा तिघे, सामना पाच मिनिटांचा. भिंती आहेत, त्यामुळे चेंडू बाहेर जात नाही. गोलरक्षक नेमलेला नसतो. वेगासाठी 'बूस्ट' लागतो, तो जास्तीत जास्त १००. चेंडूवर झेप घेतली की बूस्ट संपतो आणि गाडी भलत्या जागी जाऊन पडते. म्हणून पहिल्यानं चेंडू सोडायचा, वळसा घेऊन वाटेत बूस्ट उचलत सर्वांच्या मागे यायचं; दुसरा पुढे, तिसरा दुसऱ्याच्या जागी. याला खेळाडू 'रोटेशन' म्हणतात. नव्या पोरांना नेमकं हेच जमत नाही, कारण चेंडू समोर दिसत असताना पाठ फिरवायची!

पण आपल्याला हे परकं का वाटावं? खो-खोत आठ जण चौरसांत बसतात, नववा धावतो. धावणाऱ्याला दिशा बदलता येत नाही. गडी निसटला की पाठीमागून खो द्यायचा आणि उठणाऱ्याच्या चौरसात स्वतः बसायचं. जागा माणसाची नाहीच, संघाची. एकाकडून दुसऱ्यानं उचललं असं आम्ही म्हणत नाही. अडचण सारखी, म्हणून तोड सारखी.

फरक एकच, आणि तो मोठा. खो-खोत 'खो' मोठ्यानं म्हणावाच लागतो, तो नियम आहे. रॉकेट लीगमध्ये 'मी घेतो' असा तयार संदेश बटण दाबून धाडता येतो, पण सक्ती कुणावर नाही. ऑनलाइन जुळलेले तिघे बरेचदा अनोळखी असतात. मग साथीदाराची गाडी कुठे वळली एवढं पाहूनच ओळखायचं, की त्यानं चेंडू सोडलाय आणि आता पाळी आपली.