भावगीत : जुनें कीं नवें?



मागील महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी चऱ्होलीस घरीं आला. चाकणच्या एका कारखान्यांत तो नोकरी करतो आणि रात्रपाळी नसेल तेव्हां गिटार घेऊन स्वतःच्या कविता गातो. अशा सात गीतांचा एक आल्बम त्यानें तयार केला आहे. गिटार, पेटी आणि त्याचा आवाज, एवढाच त्यांतील सरंजाम. मित्र म्हणाले, "हें आजोबांच्या काळचें वाटतें." शेजारचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "गिटारीवर कसलें आलें आहे मराठी गाणें!" एकाला तें फार जुनें, दुसऱ्याला फार नवें. "गुरुजी, मग मीं नेमकें केलें तरी काय?" असें त्यानें मला विचारलें. या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत सांपडतें, म्हणून तो आज थोडा उलगडून पाहूं.

शंभर वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत गाणें म्हटलें कीं नाट्यगीत, असें समीकरण होतें. बालगंधर्वांचा काळ तो. एकेक पद ताना-आलापांनीं फुलत जाई आणि त्या फुलोऱ्यांत शब्द पुष्कळदां मागें पडत. दुसरीकडे १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे त्यांतील प्रमुख कवि. काव्यगायनामुळें कविता पुस्तकांतून निघून श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोंचूं लागली.

याच सुमारास यंत्रानेंहि एक उपकार केला. आरंभीं ध्वनिमुद्रण कर्ण्यापुढें होई. आवाज चढा नसेल तर तबकडीवर उमटतच नसे. १९२५ पासून पाश्चात्य देशांत मायक्रोफोनद्वारें विजेवर मुद्रण सुरू झालें आणि लवकरच तें आपल्याकडेहि आलें. आतां हळुवार आवाजहि टिपला जाऊं लागला. मात्र मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें मावत. आवाज मृदु, वेळ थोडा, शब्द स्पष्ट : भावगीताचा सांचा असा घडला.

त्या सांच्यांत जीव ओतला तो विशी नुकती ओलांडलेल्या दोघा तरुणांनीं. ना. घ. देशपांडे हे मेहकरकडील कवि, व जी. एन. जोशी हे गायक. दोघांचाहि जन्म १९०९ चा. देशपांड्यांच्या 'शीळ' या कवितेला जोशांनीं स्वतः चाल लावली आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिची तबकडी घरोघर वाजूं लागली. मराठी भावगीताच्या आद्य गायकाचा मान जोशांना दिला जातो तो यामुळेंच. त्यांच्या पाठोपाठ गजानन वाटवे आले. १९१७ सालीं बेळगांवांत जन्मलेले हे गायक स्वतः चाली लावीत, स्वतः पेटी वाजवीत आणि पुण्याच्या गणेशोत्सवांत चौकाचौकांतून भावगीतें गात. ऐकावयास हजारों लोक रस्त्यावर बसत. कविता ही मूठभर रसिकांची मिरास नव्हे, हें त्या पेटीनें सिद्ध केलें. २००९ सालीं ते वारले. पुढें २००३ मध्यें संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनीं 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हां कवि स्वतः आपली कविता गातो आहे, हें दृश्य नव्या पिढीनेंहि पाहिलें.

यांतून काय दिसतें? आज जो सूर आपणांस जुना वाटतो, तो एके काळीं अगदीं कोवळा होता. शिवाय ज्या पेटीला आपण आपली म्हणतों, तीहि युरोपांतूनच आली. मग गिटारीनें काय पाप केलें? फरक आहे तो एवढाच कीं, तेव्हांचा साधेपणा पुष्कळसा गरजेपोटीं होता. आजच्या संगणकावर शेंकडों वाद्यांचे आवाज तयार मिळतात. आज साधेपणा निवडावा लागतो. निवडलेल्या साधेपणांत धोका असतो तो नकलेचा. वाटव्यांनीं बालगंधर्वांची नक्कल केली असती, तर आज त्यांचें नांव कोणीं घेतलें असतें?

माझ्या विद्यार्थ्याच्या गीतांत पहांटे कारखान्याच्या बसमधून परतणारा कामगार आहे, इंद्रायणीवरचें धुकें आहे, चाळीस टक्के पगार हप्त्यांत घालविणारें घर आहे. तें त्याचें स्वतःचें आहे. परंतु त्यानें मुद्रणांत जुन्या तबकडीची खरखर मुद्दाम मिसळली होती. मीं म्हटलें, "बाळ, ती खरखर जोशी-वाटव्यांना नको होती, नाइलाज होता म्हणून ती राहिली. तूं ती विकत कां घेतोस?"

तो हंसला. मग म्हणाला, "गुरुजी, पांचवींत मी कविता चालीवर म्हणूं लागलों, तेव्हां तुम्ही म्हणालां होतां, 'गाऊं नकोस, पाठ कर.'"

मला तें आठवत नव्हतें. त्याला वीस वर्षें आठवत होतें. छत्तीस वर्षांच्या नोकरींत असे किती गळे मीं मिटविले असतील, हा हिशेब आतां कोण मांडणार?

पुढल्या आठवड्यांत त्यानें नवें मुद्रण आणून दिलें. त्यांत खरखर नव्हती. मीं तें दोनदां ऐकलें आणि दुसऱ्या वेळीं, त्याच्यासमोरच, त्याच्याबरोबर गुणगुणलों.