संकटकाळीं टिकलेली प्रार्थना



आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा होत असतां ह्या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराची बांधणी, धर्मगुरूंची नामावळी आणि शाळेची वाढ ह्यांचा वृत्तांत येणें योग्यच आहे. तथापि इमारती व नांवें एवढ्यानें धर्मग्रामाचा इतिहास पुरा होत नाहीं. धर्मगुरु पोहोंचूं शकले नाहींत, देऊळ बंद राहिलें, पीक बुडालें, घर सोडून परमुलखीं जावें लागलें, अशा दिवसांत लोकांनीं प्रार्थना कशी केली, हा त्या इतिहासाचा दुसरा भाग होय. तो नोंदवह्यांत सांपडत नाहीं. म्हणूनच त्याजकडे आम्ही आज आपलें लक्ष वेधीत आहों.

प्रथम वसईकडे पाहूं. सन १५३४ पासून पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं असलेली वसई मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें जिंकली. राज्य बदललें. युरोपीय संन्यासी संघांचे धर्मगुरु निघून गेले; कित्येक मठ व देवळें ओस पडलीं, आणि त्यांचे भग्नावशेष वसईच्या किल्ल्यांत आजहि उभे आहेत. तेथील मंडळी केवळ राजाश्रयामुळें ख्रिस्ती राहिली असती, तर राजाश्रय जातांच धर्महि गेला असता. तसें झालें नाहीं. गोमंतकांतून आलेल्या देशी धर्मगुरूंनीं उपासना चालू ठेविली. आणि त्यांचे हात जेथें पोहोंचत नव्हते तेथें घराघरांतील आईबापांनीं मुलांस क्रूसाची खूण व जपमाळ शिकविली. हें सांगण्यांत कोणत्याहि सत्तेवर दोष ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. राज्यें येतात व जातात. श्रद्धेचें घर त्यांच्या पायावर बांधलेलें नसावें, एवढेंच येथें शिकावयाचें.

ह्याच वसईंत संत गोन्सालो गार्सिया जन्मले. फ्रान्सिस्कन संघाचे हे बंधु ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारले गेले, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांच्या रक्तानें भिजलेल्या त्या भूमींत पुढें काय झालें, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. सन १६१४ मध्यें साऱ्या जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. धर्मगुरु हद्दपार झाले किंवा मारले गेले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारें दोनशें वर्षें तेथील श्रद्धाळूंना मिस्सा मिळाली नाहीं. पुष्कळांनीं धर्म सोडला, हेंहि खरें. पवित्र चित्रावर पाय ठेवण्याची सक्ती होई. कित्येक भीतीनें पाय ठेवीत आणि घरीं येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत.

तरी कांहीं गांवांनीं एक साधी व्यवस्था केली. एकानें ख्रिस्ती दिनदर्शिका सांभाळावी व सणांचे दिवस सांगावे. एकानें बालकांस स्नानसंस्कार द्यावा. एकानें घरोघर निरोप पोहोंचवावा. हे सर्व शेतकरी व कोळी होते. १७ मार्च १८६५ रोजीं नागासाकीच्या नव्या देवळांत उराकामी गांवचे कांहीं लोक आले आणि फ्रेंच धर्मगुरु पेतिजां ह्यांस हळूच म्हणाले, कीं आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें त्यांनीं विचारलें. आणि सध्यां आम्ही दुःखाच्या काळांत आहों, असेंहि सांगितलें. तो खरोखरच प्रायश्चित्तकाळ होता. धर्मगुरुविना दोनशें वर्षें गेल्यावरहि ख्रिस्तसभेशीं त्यांचें कालगणन तुटलें नव्हतें.

आतां आपल्या जवळचें उदाहरण घेऊं. १८८६ सालीं स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांताची जबाबदारी जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंवर होती, आणि अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, त्यांचें कार्य खेड्यापाड्यांतून वाढलें होतें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि हे धर्मगुरु एकाएकीं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांस नजरकैदेंत ठेवण्यांत आलें आणि पुढें बहुतेकांची मायदेशीं रवानगी झाली. ज्या नगर जिल्ह्यांत ते खेडोपाडीं हिंडून मिस्सा करीत, त्याच नगरांत जर्मन नागरिकांची मोठी छावणी उभी राहिली. महागुरु हेन्री डोअरिंग ह्यांसहि युद्धामुळें आपल्या धर्मप्रांतास मुकावें लागलें. १९२१ सालीं त्यांची नेमणूक, योग असा कीं, जपानांतील हिरोशिमा येथें झाली. १९२७ मध्यें ते पुण्यास परत आले व १९४८ पर्यंत त्यांनीं धर्मप्रांत सांभाळला. मधल्या वर्षांत थोड्या उरलेल्या धर्मगुरूंवर अफाट भार पडला. त्यांतच १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. अशा वेळीं गांवोगांवचे मास्तर मुलांस प्रश्नोत्तरें शिकवीत, रविवारीं लोकांस प्रार्थनेस बोलावीत आणि मरणोन्मुखांच्या उशाशीं बसत. पुढें १५ मे १९८७ रोजीं पुणें धर्मप्रांतांतून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि येशूसंघीय थॉमस भालेराव हे त्याचे पहिले महागुरु झाले. आपला खानदेश त्या धर्मप्रांतांत आहे. ह्या नात्यानें त्या अनामिक मास्तरांचे आपणहि ऋणी आहों.

आपल्या मुलखास संकटें नवीं नाहींत. संवत १९५६ चा, म्हणजे सन १८९९-१९०० चा, छपन्याचा दुष्काळ खानदेशानें भोगला. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. २०११ च्या खानेसुमारींत येथील वस्ती साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यांत शंभरांत सुमारें एकोणसत्तर आदिवासी होते. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्यानें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. आणि आजचें मोठें संकट तर दरवर्षीं ठरल्या वेळीं येतें. दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें गुजराथेंत बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीस निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उसाच्या फडाजवळ पडाव पडतो. मुलें शाळेंतून उठून तेथेंच राहतात. आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळ पडावांत जातो, आणि ईस्टर लवकर आला तर तोहि. म्हणजे ख्रिस्ती वर्षाचा गाभा आपल्या कित्येक घरांस देवळाविना काढावा लागतो. नागासाकीचा इतिहास आपणांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं.

मार्च २०२० मध्यें तर सर्वांचीच अशी परीक्षा झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण बंद देवळांच्या बाहेर गेला. २७ मार्च रोजीं संत पेत्राच्या रिकाम्या चौकांत, पावसांत, पोप फ्रान्सिस ह्यांनीं सर्व जगासाठीं प्रार्थना केली व पवित्र सांक्रामेंताचा आशीर्वाद दिला. त्या महिन्यांत एक गोष्ट आमच्या पाहण्यांत आली. ज्या घरीं सायंकाळची प्रार्थना आधींपासून होती तेथें ती अधिक एकाग्र झाली. जेथें ती नव्हती तेथें भीतीच्या भरांत सुरू झालेली प्रार्थना पुष्कळदां भीतीबरोबरच ओसरली.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे, कीं संकट आपोआप श्रद्धा वाढवीत नाहीं. संकटानें कोणी देवाजवळ येतो, कोणी कडवट होऊन दूर जातो. सुखाच्या दिवसांत जी प्रार्थना अंगवळणीं पडली असेल, ती संकटांत खोल जाते. आरंभीं आपण देवाजवळ पाऊस, पीक, औषध मागतों. त्यांत गैर कांहीं नाहीं, प्रभूनेंच आपणांस रोजची भाकर मागावयास शिकविलें. पण मागितलेलें न मिळतांहि जो प्रार्थना सोडीत नाहीं, तो हळूहळू देणगीपेक्षां देणाऱ्यास ओळखूं लागतो. गेथशेमनींत प्रभु येशूचा प्याला टळला नाहीं; तरी पित्याशीं त्याचें बोलणें तुटलें नाहीं.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें २१ नोव्हेंबर १९६४ च्या आपल्या संविधानांत कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटलें आहे. पडावांतील प्लास्टिकच्या आडोशालाहि तें नांव लागूं पडतें. म्हणून महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही तीन गोष्टी सुचवितों. ऊसतोडीस निघणाऱ्या प्रत्येक टोळीनें निघण्यापूर्वीं एक दिनदर्शिका बरोबर घ्यावी, आणि सण व उपवास सांगण्याचें काम एकाकडे सोंपवावें. दुसऱ्या एखाद्या भावानें किंवा बहिणीनें रविवारीं सर्वांस एकत्र बसवून शुभवर्तमान वाचावें व मुलांकडून प्रार्थना म्हणवून घ्याव्या. आणि मरणाच्या धोक्यांत असलेल्या बालकास स्नानसंस्कार कसा द्यावा, हें टोळींतील निदान दोघांस पाठ असावें. अशा प्रसंगीं कोणाहि माणसास तो देण्याची ख्रिस्तसभेची मोकळीक आहे.

शेवटीं, महोत्सव ह्या शब्दाचा मूळ अर्थ विसरूं नये. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी व ऋणापायीं बांधलेला माणूस मोकळा होऊन घरीं जावा, अशी देवाची आज्ञा आहे. उचलीच्या ओझ्याखालीं वांकलेलें घर शेजारीं असतां आपण केवळ मांडव व मेजवानी करूं, तर तो उत्सव होईल, महोत्सव होणार नाहीं. शक्य असेल त्यानें एखाद्या कुटुंबाची एक वर्षाची तरी उचल टळेल असें साह्य करावें. ज्यांस तें शक्य नाहीं त्यांनीं परमुलखीं गेलेल्यांचीं नांवें घेऊन रोज एक जपमाळ करावी, आणि ते परत येतील तेव्हां त्यांचें दार झाडून ठेवावें.

वसईच्या, नागासाकीच्या आणि नगरच्या अनामिक श्रद्धाळूंना ज्या प्रभूनें राखिलें, तो आपल्या फडांतील व पाड्यांतील लेकरांनाहि राखो. पवित्र मरिया आपणां सर्वांसाठीं विनंती करो.

आपला प्रभूमध्यें,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरु