कोंडलेला श्वास

छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे अठराव्या शतकापासून मराठी माणसाचाही त्याच्याशी ऋणानुबंध जडला. एकट्या रायपूर शहरात बुढातालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा अशी कितीतरी तळी आहेत. १८७७ साली बालवयातील नरेंद्र दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, या शहरी राहावयास आले. बुढातालाब आज त्यांच्याच नावाने विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जातो.

जेथे तळे तेथे घाट, आणि जेथे घाट तेथे बुडी मारून अधिक वेळ कोण राहतो, ही मुलांची पैज ठरलेलीच. पैज निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्यात दडलेला धोका नवशिक्याहून पट्टीच्या पोहणाऱ्यालाच अधिक आहे, आणि त्याचे कारण उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

नरेंद्र रायपुरास असतानाच, १८७८ मध्ये, पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाचा हवेच्या दाबावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राणवायूचा देहावर होणारा परिणाम त्याच्या आंशिक दाबावर अवलंबून असतो, हे त्याने सिद्ध केले. पुढे १९०५ मध्ये हॉल्डेन व प्रीस्टली या इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, श्वासोच्छ्वासाची गती मुख्यतः कर्बद्विप्राणिल वायूच्या प्रमाणावर ठरते. श्वास कोंडल्यावर जीव कासावीस होतो तो प्रामुख्याने हा वायू साठल्यामुळे. प्राणवायू सरत आल्याची वर्दी देणारा तितका सावध पहारेकरी देहात नाही.

येथेच घात होतो. बुडी मारण्यापूर्वी पोहणारा भराभर दीर्घ श्वास घेतो व प्राणवायूचा मोठा साठा केला असे समजतो. वास्तविक त्याचे रक्त आधीच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. त्या श्वासांनी कर्बद्विप्राणिल वायू मात्र निघून जातो. मग कासाविशी उशिरा येते. तत्पूर्वीच मेंदूला प्राणवायू अपुरा पडून शुद्ध हरपते. १९६१ मध्ये अमेरिकेतील आल्बर्ट क्रेग यांनी अशा दुर्घटनांची कारणमीमांसा शास्त्रीय नियतकालिकात मांडली. पाण्याखाली बेशुद्ध होणारा हातपाय झाडत नाही, हाकही मारीत नाही. काठावरचे मात्र त्याच्या दमाचे कौतुक करीत राहतात.

उथळ तळ्यात एवढे कारण पुरेसे आहे. खोल पाण्यात दुसऱ्याची भर पडते. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून फुप्फुसातील उरलासुरला प्राणवायूही तेथे पुरेसा वाटतो. वर येताना दाब घटतो, प्राणवायूचा आंशिक दाब झपाट्याने उतरतो, आणि पृष्ठभाग हाताशी आला असताना शुद्ध जाते.

मन्नारच्या आखातात मोती काढणारे पाणबुडे पायाशी दगड घेऊन तळ गाठीत. त्यांचा दोर होडीतील सोबत्याच्या हाती असे व इशारा मिळताच तो त्यांना वर ओढी. वायूंचे गणित त्यांना ठाऊक नव्हते. पण एकट्याने बुडी घ्यावयाची नाही, हा धडा त्यांच्या रीतीतच होता. आजचा नियमही त्याहून फार निराळा नाही. बुडीपूर्वी मुद्दाम भराभर श्वास घेऊ नये, दमाची पैज लावू नये, आणि एक जण पाण्याखाली असता पोहण्यात तरबेज असा दुसरा वर राहून त्याच्यावर नजर ठेवणारा असावा. शुद्ध हरपलेल्यास तात्काळ वर काढले तर तो बहुधा वाचतो. विलंब झाला तर काही मिनिटांतच मेंदूची हानी होते. घाटावर पोरे जमतील, बुड्या मारतील; त्यांच्यात एक जाणता पाहणारा असला म्हणजे झाले.